हिरव्या पाण्यावर नऊ वॉटचा यूव्ही: दिवा चोख, डबा खोटारडा

सांगलीत मी फ्रीज-एसी दुरुस्तीची कामं करतो, त्यामुळे कुठलीही वस्तू घरी आली की चालवण्याआधी ती उघडून बघायची खोड आहे. फिश टँकसाठी आणलेला हा यूव्ही फिल्टरही आधी टेबलावर सुटा झाला आणि मग पाण्यात गेला. त्याला वर्ष होत आलं, आता त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही. हीच वस्तू बाजारात दोन-तीन वेगवेगळ्या नावांच्या डब्यांतून मिळते, आणि मी पुढे नावं ठेवणार आहे, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. ओळख एवढीच: पाण्यात बुडवायचा काळा डबा, खाली पंप, मध्ये स्पंज, वर नऊ वॉटचा यूव्ही दिवा. दुकानात १८५० रुपयांना पडला.

हा कुणी घ्यायचा ते आधी सांगतो, कारण अर्धी गिऱ्हाइकं हे औषध भलत्याच रोगावर घेऊन जातात. काचेवर हिरवे ठिपके, पानांवर केसांसारखं लोंबणारं शेवाळ, दगडावरचा तपकिरी थर, यातल्या कशालाही याचा उपयोग नाही. दिव्यासमोरून जे वाहत जातं तेवढंच मरतं; जे चिकटून बसलंय त्याला हा हात लावू शकत नाही. याचं काम फक्त हिरव्या पाण्याचं. टँकमधलं पाणी काचेच्या ग्लासात घ्या आणि मागे पांढरा कागद धरा. पाणी पोपटी दिसलं आणि रात्रभर ठेवूनही गाळ न बसता तसंच राहिलं, तर ते तरंगतं एकपेशीय शेवाळ. पांढरट, दुधाळ दिसलं तर तो बहुतेक जिवाणूंचा प्रकार, नवीन टँकमध्ये होतो तो. त्याला थोडा धीर धरला तरी पुरतं, पैसे घालवायची गरज नाही.

आमचा टँक तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. वाळू-दगड वजा जाता पाणी १४० लिटर धरा. आत चार ऑरांडा गोल्डफिश. गोल्डफिश म्हणजे खायला पुढे आणि घाण करायलाही पुढे. त्यात टँक पुढच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीसमोर. गेल्या उन्हाळ्यात पाणी असं हिरवं झालं की मासा पुढच्या काचेला टेकला तरच दिसायचा. आई म्हणायची, "मासे आहेत का गेले ते तरी बघ."

सगळे सल्ले मिळाले. पहिला सल्ला पाणी बदलायचा. अर्धं पाणी काढून नवीन घातलं की रंग निम्म्याने उतरतो, पण ऊन आणि उबदार पाणी असलं की या पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होतात. म्हणजे अर्धा टँक बदलून तुम्ही त्यांना फक्त एक पाऊल मागे ढकललंत. बादल्या वाहून कंबर मात्र जाते. दुसरा सल्ला दुकानदारांचा ठरलेला: "एक सकर टाका, सगळं साफ करतो." सकर हा मासा काचेला तोंड लावून खरवडून खातो, पाण्यात तरंगणारी पेशी तो कशी धरणार? वर तो पुढे फूटभर वाढतो, तो कुठे ठेवायचा हे कुणी सांगत नाही. तिसरा सल्ला तुरटीचा. तुरटीने गढूळपणा खाली बसतो हे खरं, पण ती पाण्याचा पीएच खाली ओढते आणि चार गोल्डफिशवर मला तो प्रयोग नको होता. चौथी थेंबांची बाटली. या औषधांपैकी काहींत तांबं असतं, ते गोगलगाई आणि कोळंबीला मारक. मला मिळालेल्या बाटलीवर घटकच लिहिले नव्हते, तेव्हा ती उघडलीच नाही.

फिल्टरला दहा वेळा स्पंज बदलूनही काही होत नाही, त्याचं कारण आकारात आहे. पाणी हिरवं करणाऱ्या क्लोरेला शेवाळाची पेशी दहा मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या, आतली असते. आपल्या टॉप फिल्टरच्या स्पंजातून ती सहज आरपार जाते.

एक उपाय मात्र फुकटातला आणि खरा आहे: टँकचा दिवा बंद, वरून-बाजूने जाड गोधडी, बबलर (हवेचे बुडबुडे सोडणारा पंप) चालू, आणि तीन-चार दिवस अंधार. खाणंही जवळजवळ बंद. मी तो केला, पाणी बरंच निवळलं. पण गोधडी काढली तरी खिडकी जागच्या जागीच होती, महिन्याभरात पुन्हा हिरवं. तरी सांगतो, १८५० रुपये खर्चण्याआधी गोधडी करून बघाच. खिडकीला पडदा लावणं तुम्हाला जमत असेल तर कदाचित तेवढ्यावरच भागेल.

आता यंत्राकडे. आत पूर्वीच्या सीएफएलसारखा यू आकाराचा नळीचा दिवा आहे, दोन पिनांचा, जी-२३ सॉकेटचा. हे मला फार आवडलं, कारण हे सॉकेट सर्रास वापरातलं आहे आणि दिवा सुटा मिळतो. काही फिल्टरमध्ये दिवा असा गाडून टाकलेला असतो की तो गेला की सगळा डबा भंगारात. दिवा कमी दाबाच्या पाऱ्याच्या वाफेचा, २५४ नॅनोमीटरचा यूव्ही-सी देणारा. घरातल्या पाण्याच्या प्युरिफायरमध्ये असतो तोच प्रकार. हा प्रकाश पेशीच्या डीएनएत बिघाड करतो, पेशीला पुढे विभागता येत नाही. साध्या काचेतून तो पार होत नाही, म्हणून दिव्यावरची नळी क्वार्ट्झची लागते. माझ्या यंत्रात ती क्वार्ट्झचीच निघाली, हेही बरं. वरच्या खिडकीतून दिसणारा निळा उजेड म्हणजे यूव्ही नव्हे. तो फक्त दिवा लागलाय एवढं सांगतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता खोटारडेपणा. डब्यावर छापलंय ताशी ८०० लिटर. मी बाहेर पडणारं पाणी दहा लिटरच्या बादलीत धरलं, मोबाइलवर वेळ लावली. ७५ सेकंद लागले. म्हणजे ताशी ४८० लिटर, आणि तेही नव्या कोऱ्या स्पंजावर. आठ दिवसांनी स्पंज भरला की अजून कमी. पंपाचे आकडे पाणी वर न चढवता, स्पंज न लावता काढलेले असतात हे मला ठाऊक आहे, एसीच्या धंद्यातही हेच चालतं. पण मग डब्यावर तसं लिहा ना.

गंमत अशी की या कामाला कमी प्रवाहच बरा. पाणी दिव्यासमोर जितकं सावकाश सरकेल तितका पेशीला मार जास्त. माशांवरचे रोगजंतू मारायचे म्हणाल तर याहून कितीतरी हळू पाणी लागेल; डब्यावर "सर्व रोगांपासून संरक्षण" असं जे छापलंय त्यावर विश्वास ठेवू नका. शेवाळापुरतं म्हणाल तर ४८० लिटरवर काम झालं. अजून एक हिशेब: १४० लिटर पाणी पंपातून गेलं म्हणजे सगळा टँक दिव्याखालून गेला असं होत नाही. दिव्याखालून गेलेलं पाणी आणि न गेलेलं पाणी मिसळत राहतं, आणि एका फेरीत एक तृतीयांशाहून थोडं जास्तच पाणी चुकतं. म्हणून "दोन तास लावा, रात्री बंद करा" हा सल्ला सुरुवातीला चालत नाही. पहिले काही दिवस चोवीस तास लावा.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, पैसे गेले. त्यानंतर हिरवा रंग जाऊन पाणी राखाडी, धुरकट झालं, आणि आठवडा भरायच्या आत मागची काच, तिच्यावरचं निळं पोस्टर, पंपाची वायर, सगळं दिसायला लागलं. पाणी नुसतं स्वच्छ नाही, चमकतं म्हणावं असं. या एका बाबतीत मी यंत्राला पूर्ण गुण देतो.

पण त्या राखाडी दिवसांत सांभाळा. मेलेलं शेवाळ कुठे जात नाही, ते टँकमध्येच कुजतं. कुजताना ऑक्सिजन ओढतं आणि अमोनिया सोडतं. आमचे मासे एका सकाळी वर येऊन तोंड उघडझाप करत होते. दुसरा बबलर लावला, चौथाई पाणी बदललं, खाणं थांबवलं, दुपारपर्यंत खाली गेले. स्पंज त्या आठवड्यात रोज पिळावा लागला, हिरवा चिकट लगदा निघायचा. तो टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली नको. नळाच्या क्लोरीनने स्पंजातले उपयोगी जिवाणू मरतात. यूव्हीने हे जिवाणू मरतात का, असं बरेच जण विचारतात. ते स्पंजाला, फिल्टरमधल्या रिंगांना, वाळूला चिकटून राहतात, दिव्यासमोर येत नाहीत. काळजी नको.

आता दोष. पंप आणि दिवा एकाच वायरवर, एकाच बटणावर. हा मला मोठा दोष वाटतो. माशांना मिथिलीन ब्लूसारखं औषध द्यायचं असेल तेव्हा यूव्ही बंद ठेवावा लागतो, कारण त्या प्रकाशाने काही औषधं मोडतात. इथे दिवा बंद करायचा तर पंपही बंद, नाहीतर डबा खोलून दिवा काढून ठेवा. पाच-दहा रुपयांचं एक जादा बटण देता आलं असतं. मी वायर कापून दोन बटणं केली, पण ते काम येत असेल त्यानेच करावं, पाण्यातली वस्तू आहे.

दुसरं, डबा उघडल्यावर दिवा आपोआप बंद होईल अशी सोय नाही. उघडा दिवा चालू करून "लागतोय का बघू" म्हणाल तर फसाल. वेल्डिंगकडे नुसत्या डोळ्यांनी बघितल्यावर रात्री डोळे चुरचुरतात, तोच प्रकार. प्लग काढल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही.

तिसरं, प्लग दोन पिनांचा, अर्थिंग नाही, आणि वायर जेमतेम सव्वा मीटर. घरात आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. वायर प्लगकडे जाताना मध्ये खाली झोल देऊन न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलातूनच खाली ठिबकतं, सॉकेटात जात नाही.

चौथं, क्वार्ट्झच्या नळीवर दोन-तीन महिन्यांत पांढरा थर चढतो, विशेषतः बोअरचं पाणी घालणाऱ्यांकडे. थर चढला की यूव्ही आतच अडकतो आणि बाहेरून मात्र निळा उजेड छान दिसत राहतो. लिंबूफूल कोमट पाण्यात विरघळवून नळी त्यात ठेवा, मऊ कापडाने पुसा, धुवा, सुकवा. बसवताना रबरी रिंग मुडपली नाही ना ते बघा. तिथून पाणी आत गेलं की दिवा संपला.

विजेचं विचाराल तर दिवा नऊ वॉट, पंप दहाच्या आसपास. चोवीस तास चालवला तर महिन्याला चौदा युनिटच्या आत.

तरी हिरवं पाणी आलं कुठून हा प्रश्न हा डबा सोडवत नाही. आमच्या एका गिऱ्हाइकाचं मिरजेकडे शेततळं आहे, रोहू-कटला सोडतो. तो पाणी हिरवं व्हावं म्हणून मुद्दाम शेण आणि सुपर फॉस्फेट टाकतो, कारण त्या हिरव्यावर सगळं बारीक खाद्य वाढतं. माझा टँक बघून तो म्हणाला, "मिस्त्री, मी पैसे खर्चून जे करतो ते तुमच्याकडे आपसूक झालंय." नेमकं तेच. जादा खाणं, चार गोल्डफिशची विष्ठा म्हणजे शेणखत, आणि खिडकीचं ऊन. यूव्ही लावल्यावर शेवाळ मरतं, खत पाण्यातच राहतं. म्हणून आम्ही खिडकीला जाड पडदा लावला, टँकची एलईडी दिवसभराऐवजी सहा-सात तासांवर आणली, आणि आईकडून खाण्याचा डबा काढून घेतला. शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. आता आठवड्याला चौथाई पाणी बदलतो आणि यूव्ही रोज फक्त काही तास लावतो. मध्यंतरी दोन आठवडे पूर्ण बंद ठेवला होता, पाणी हिरवं झालं नाही.

घेऊ नये कुणी? गप्पी माशांची पिल्लं वाढवणाऱ्यांनी. हिरव्या पाण्यात डॅफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, पोसतात आणि डॅफ्निया पिल्लांना घालतात. आमच्या गल्लीतला एक पोरगा माझ्याकडून बाटल्या भरभरून हे पाणी न्यायचा, आता तोंड वाकडं करतो. एक फुटाच्या छोट्या टँकलाही हा नको, डबाच अर्धी जागा खाईल. आणि भरगच्च झाडांचा टँक असेल, पातळ लोहखत घालत असाल, तर यूव्ही सतत चालवू नका. त्या खतातलं लोह ज्याला बांधलेलं असतं ते या प्रकाशाने तुटतं.

दिव्याचं आयुष्य आठ-नऊ हजार तास. चोवीस तास चालवला तर वर्षभर. त्यानंतर तो लागतो, निळाही दिसतो, पण यूव्ही उतरलेला असतो, आणि लोक म्हणतात फिल्टर बिघडला. दिवा बसवतानाच त्याच्या पांढऱ्या बुडावर मार्करने तारीख टाका. जुना दिवा कचऱ्यात फोडून टाकू नका, आत पारा असतो; ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. माझा रोज काही तासच चालतो, म्हणून अजून पुरेल; तरी विचारून ठेवलं, सुटा दिवा ३५० ला सांगितलाय एकाने. दुसऱ्या दुकानात विचारून मग घेईन.