ॲन्की : उजळणी विद्यार्थ्याच्या हाती सोपवताना

विद्यार्थ्याने अभ्यासाची सूत्रे स्वतःकडे घ्यावीत, अशा जाहिरातीसह जी साधने मिळतात त्यांपैकी बहुतेक साधने प्रत्यक्षात केवळ आठवण करून देण्याचे काम करतात. घंटा वाजली की वही उघडते आणि घंटा बंद पडली की वही मिटते; पूर्वी हेच काम पालक किंवा शिक्षक करत असत, एवढाच काय तो फरक. ॲन्की हे उजळणीचे सॉफ्टवेअर या गर्दीत थोडे वेगळे आहे, असे ऐकून मी ते १४ ते १७ वर्षे वयाच्या काही विद्यार्थ्यांबरोबर एक संपूर्ण शैक्षणिक वर्ष वापरून पाहिले. त्याच्या स्मरणशक्तीविषयक उपयोगाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. माझा प्रश्न मात्र मर्यादित होता : याच्या वापराने मूल शिक्षकावाचून शिकू लागते का?

साधनाची ओळख थोडक्यात करून देतो. डेमियन एल्म्स यांनी ते २००६ मध्ये प्रथम उपलब्ध करून दिले, आणि पाठांतर या अर्थाच्या जपानी शब्दावरून त्याचे नाव ठेवले. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर असते. उत्तर पाहिल्यानंतर विद्यार्थी ‘अगेन’, ‘हार्ड’, ‘गुड’ आणि ‘ईझी’ या चार बटणांपैकी एक दाबतो आणि ते कार्ड पुन्हा केव्हा दाखवायचे हे सॉफ्टवेअर त्यावरून ठरवते. यामागची कल्पना, म्हणजे विसरायच्या बेतात असताना वाढत्या अंतराने उजळणी करणे, जुनी आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. १९७० च्या दशकात जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी खणांच्या साध्या पेटीत कार्डे पुढे-मागे सरकवण्याची पद्धत लोकप्रिय केली. आणि ॲन्कीचे मूळ गणित पोलिश संशोधक प्योत्र वोझनियाक यांनी १९८० च्या दशकात तयार केलेल्या पद्धतीवर आधारलेले आहे. संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर ते विनामूल्य मिळते, आयफोनवरील अधिकृत आवृत्ती मात्र विकत घ्यावी लागते. देवनागरीत कार्डे लिहिताना मला कोणतीही अडचण आली नाही. दिसायला ते रूक्ष आहे, आणि पहिल्या दिवशी मुलांची निराशा होते. मला स्वतःला तो रूक्षपणा आवडला. टाळ्या वाजवणारी चित्रे आणि बक्षिसाची नाणी नसल्यामुळे निदान मूल नाण्यांसाठी अभ्यास करू लागत नाही.

सुरुवातीची चूक माझीच होती. वर्षाच्या आरंभी मी स्वतः बसून सुमारे ६०० कार्डांचा एक गठ्ठा तयार केला आणि तो सर्वांना वाटला. हेतू चांगला होता, परिणाम मात्र उलटा झाला. तीन आठवड्यांत तो गठ्ठा म्हणजे गृहपाठाचे नवे रूप ठरला. मुले बसमध्ये, जेवताना, मित्रांशी बोलताना सरसकट ‘गुड’ दाबत सुटली आणि संध्याकाळी ‘आजचे संपले’ असे मला कळवू लागली. कोणासाठी संपवले, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मलाही तो उशिराच पडला.

दुसऱ्या महिन्यात मी तो गठ्ठा बाजूला ठेवायला लावला आणि एकच अट घातली : दररोज प्रत्येकाने स्वतःची ५ कार्डे लिहायची, त्यांहून अधिक नाही. खरा फरक इथून पडला, कारण कार्ड लिहायचे म्हटले की धड्यातले काय महत्त्वाचे आहे आणि आपल्याला त्यातले काय येत नाही, हे दोन निर्णय आधी घ्यावे लागतात, आणि आजवर हे दोन्ही निर्णय त्यांच्या वतीने पाठ्यपुस्तकाने किंवा मी घेतले होते. पहिली कार्डे अर्थातच वाईट होती. ‘फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे सांगा’ असे कार्ड एका मुलाने लिहिले आणि मागच्या बाजूला अर्धे पान उतरवले. असे कार्ड कधीच धड आठवत नाही, आणि थोडेफार आठवले तर ते आले म्हणायचे की नाही, हे ठरवता येत नाही.

इथे सॉफ्टवेअरमधली एक सोय अनपेक्षितपणे शिक्षकाचे काम करते. आधी येत असलेले कार्ड नंतर ८ वेळा विसरले गेले, तर ॲन्की त्याला ‘लीच’ म्हणजे जळू अशी खूण लावते आणि ते उजळणीतून बाजूला काढू शकते. हा आकडा बदलता येतो. मुलांना आधी ती शिक्षा वाटली. हळूहळू त्यांच्या ध्यानात आले की दोष बहुतेक वेळा स्मरणशक्तीत नसून प्रश्नात असतो : प्रश्न मोठा आहे, दोन उत्तरांत गोंधळ होतो आहे, किंवा मुळात विषयच समजलेला नाही. राज्यक्रांतीच्या त्या कार्डाची पुढे ७ लहान कार्डे झाली, आणि ती करताना त्या मुलाने तिजोरीची दुरवस्था आणि कराचा भार यांचा संबंध मला आपणहून विचारला. जळवांची यादी घेऊन आठवड्यातून एकदा बसणे हा आमच्या वर्षातला सर्वांत उपयुक्त तास होता, आणि वर्षाच्या उत्तरार्धात त्या तासाला माझी गरज उरली नाही.

आता बटणांविषयी, कारण या साधनाची कसोटी तिथेच लागते. इथे आपले उत्तर तपासणारा दुसरा कोणी नाही. विद्यार्थीच परीक्षक असतो. ही मोठी जबाबदारी आहे आणि बहुतेक मुलांना तिची सवय नसते. माझ्या पाहण्यात सर्वाधिक आढळलेली गफलत अशी की उत्तर विसरले असतानाही ‘अगेन’ दाबण्याचा संकोच वाटून मुले ‘हार्ड’ दाबतात. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ‘हार्ड’ याचा अर्थ ‘आठवले, पण कष्टाने’ असा आहे. त्यामुळे विसरलेले कार्ड लवकर परत येण्याऐवजी आणखी लांब जाते आणि सगळे वेळापत्रक चुकीच्या माहितीवर उभे राहते. त्यात प्रत्येक बटणावर पुढची उजळणी किती दिवसांनी होईल हे लिहिलेले असल्यामुळे काही मुले उत्तराकडे न पाहता दिवसांकडे पाहून बटण निवडतात. हे आकडे पसंतीच्या (प्रेफरन्सेस) खिडकीत जाऊन लपवता येतात, आणि ते पहिल्याच दिवशी लपवावेत असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही पुढे दोनच बटणे वापरायची असे ठरवले, आले तर ‘गुड’ आणि नाही आले तर ‘अगेन’, आणि उत्तर उघडण्यापूर्वी ते कागदावर लिहायचे असा नियम केला. त्यामुळे वेग निम्म्यावर आला, परंतु स्वतःची फसवणूकही तितकीच कमी झाली.

आपल्याला किती येते याचा अंदाज विद्यार्थी किती चुकवतो, हे संशोधनातही दिसलेले आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि काहींनी एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. मला यातला बोलका तपशील हा वाटतो की आपल्याला अधिक लक्षात राहील असा विश्वास वारंवार वाचणाऱ्यांनाच जास्त होता. ॲन्की हा खोटा विश्वास रोज थोडा थोडा खरवडून काढते, आणि स्वतंत्रपणे शिकू पाहणाऱ्याला याहून उपयोगी सवय मला तरी सुचत नाही.

तरीही एक आक्षेप मला गंभीर वाटतो. आज काय उजळायचे हा निर्णय हे साधन विद्यार्थ्याकडून बहुतांशी काढून घेते. शिक्षकावरचे अवलंबन जाऊन त्या जागी यंत्रावरचे अवलंबन आले, तर त्याला स्वावलंबन म्हणता येणार नाही. एक विद्यार्थिनी उद्या भूमितीची परीक्षा असताना आदल्या संध्याकाळी निमूटपणे रसायनशास्त्राची कार्डे उलटत बसली होती, कारण ‘आज तीच आली आहेत’. प्रौढशिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी १९७५ मध्ये स्वयंनिर्देशित शिक्षणाची जी मांडणी केली, तीत आपली गरज ओळखणे, उद्दिष्ट ठरवणे, साधने शोधणे, पद्धत निवडणे आणि फलिताचे मूल्यमापन करणे अशा गोष्टी येतात. त्या फूटपट्टीने पाहिले तर ॲन्की यांपैकी फारच थोड्या भागाला स्पर्श करते. उद्दिष्ट ठरवण्यात तर ते काहीच मदत करत नाही, आणि न समजलेली गोष्ट पाठ करायलाही तितक्याच तत्परतेने मदत करते.

साचलेल्या कामाचा प्रश्नही आहे. आठ-दहा दिवस खंड पडला की शेकडो कार्डे एकदम समोर उभी राहतात, आणि अनेक मुले याच टप्प्यावर सॉफ्टवेअर काढून टाकतात. आमच्याकडे एका मुलापुढे ४०० हून अधिक कार्डे साचली. मी त्याला उपाय सांगितला नाही, फक्त सेटिंग्जचे पान दाखवले. दिवसाला २० नवी कार्डे आणि २०० उजळण्या ही मूळ मर्यादा असते; त्याने नवी कार्डे शून्यावर आणली, उजळण्या ६० वर आणल्या आणि दोन आठवड्यांत तो ढीग उपसला. पुढच्या सुट्टीआधी त्याने नवी कार्डे आपणहून बंद केली होती. २०२३ च्या अखेरीस आलेल्या २३.१० या आवृत्तीपासून वेळापत्रकाची नवी पद्धत अंगभूत मिळते आणि तीत किती टक्के लक्षात राहायला हवे हे विद्यार्थ्याला ठरवता येते. मूळ आकडा ९० टक्के आहे. तो ९७ वर नेला तर रोजचे काम कितीतरी वाढते. हा सौदा मुलांनी स्वतः करून पाहावा, कारण सगळेच पाठ ठेवण्याची किंमत त्यातून त्यांना प्रत्यक्ष दिसते.

शिकवणाऱ्याने आधार कसा द्यावा आणि केव्हा काढून घ्यावा, हे या साधनाच्या कोणत्याही पानावर लिहिलेले नाही. वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये अशा तात्पुरत्या आधाराला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. आम्ही परांची तीन टप्प्यांत उतरवली : आधी मी प्रत्येक कार्ड वाचत असे, मग फक्त जळवांची यादी, आणि शेवटी विद्यार्थ्याने बोलावले तरच. दुसरा टप्पा मी घाईने संपवला असे आज वाटते. दोन मुले त्या काळात पुन्हा लांबलचक कार्डांकडे वळली आणि मला ते महिन्याने कळले.

बारा वर्षांखालील मुलांना मी हे साधन एकट्याने वापरायला देणार नाही; त्यांच्यासाठी लाइटनर यांची कागदी पेटी पुरते, आणि कार्ड एका खणातून दुसऱ्यात जाताना हाताला जाणवते. भाषेचे शब्द, जीवशास्त्रातल्या आकृत्या, सूत्रे आणि व्याख्या यांसाठी ते उत्तम आहे. निबंध, सिद्धता किंवा प्रयोग यांसाठी त्याचा आग्रह धरू नये. तयार गठ्ठे इंटरनेटवर मुबलक मिळतात, पण पहिले दोन महिने ते उतरवू देऊ नयेत. माझा ६०० कार्डांचा गठ्ठा आता फक्त माझ्याच संगणकावर आहे. मुलांनी तो केव्हाच पुसून टाकला, आणि पुसण्याआधी एकीने त्यातली आपल्याला पटलेली ४० कार्डे स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहून घेतली.