‘लॅन कार्ड गेलंय’

राउटर बदलला त्या दिवशी मोबाइलवर इंटरनेट व्यवस्थित सुरू, आणि जुना विंडोज एक्सपीवाला कॉम्प्युटर मात्र ढिम्म. (एक्सपीला २०१४ च्या एप्रिलपासून सुरक्षा अपडेट येत नाहीत, मान्य. पण माझा स्कॅनर दुसऱ्या कशावर चालतच नाही.) दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मागे डोकावून, माउस दोनदा हलवून निदान केलं, "लॅन कार्ड गेलंय." (म्हणजे इंटरनेटची केबल ज्यात खुपसतात ते कार्ड.) नवीन कार्ड बसवलं आणि इंटरनेट लगेच आलं, मग शंका कसली घेणार? वर ‘आयपी ॲक्टिव्हेशन’चे वेगळे पैसे (आयपी म्हणजे नेटवर्कमधला कॉम्प्युटरचा पत्ता), आणि ते दरवर्षी रिन्यू करायचं म्हणे. मी मुकाट्याने दिले. जुनं कार्ड तो खिशात टाकून निघाला होता, ते तेवढं मागून घेतलं. त्या दिवशी दाखवलेली तेवढीच अक्कल.

वर्षाने रिन्यूअलसाठी त्याचा फोन आला तेव्हा भाचा समोर बसला होता. "मामा, घरातल्या आयपीचं रिन्यूअल? पैसे देऊन?" त्याला हसू आवरेना.

मशीन बंद करून त्याने जुनं कार्ड त्याच स्लॉटमध्ये परत लावलं. चालू केल्यावर केबलजवळचा दिवा लुकलुकला, म्हणजे कार्ड जिवंत. विंडोजने त्याची जुनी सेटिंगही जशीच्या तशी पुढे केली: १९२.१६८.१.१०, कधीकाळी कुणीतरी हाताने भरलेला पत्ता. नवा राउटर देत होता १९२.१६८.० ने सुरू होणारे पत्ते. तिसरा आकडाच वेगळा, त्यामुळे दोघांची गाठ पडणार कशी? नवीन कार्ड मुळातच ऑटोमॅटिक सेटिंगवर येतं, म्हणून बसवताच चाललं. सगळी जादू एवढीच!

इलाज फुकटचा होता. स्टार्ट, रन, तिथे एनसीपीए.सीपीएल (ncpa.cpl) टाइप करायचं. लोकल एरिया कनेक्शनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग टीसीपी/आयपीवर डबल क्लिक. पत्ता आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय), दोन्हींसाठी ‘ऑटोमॅटिकली’वाला पर्याय निवडायचा. डीएनएसचा राहिला तर कनेक्शन दिसतं पण साइट उघडेनात, असं होऊ शकतं.

पत्ता असा आपोआप मिळण्यालाच डीएचसीपी म्हणतात. राउटर पत्ता ठरावीक मुदतीसाठी भाड्याने देतो आणि निम्मी मुदत सरली की कॉम्प्युटर स्वतःच वाढवून मागतो. हेच ते ‘रिन्यूअल’.

कुणाला बोलावण्याआधी काळ्या खिडकीत (स्टार्ट, रन, cmd) आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करून पत्ता बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर सेटिंग ऑटोमॅटिकच आहे, राउटरकडून उत्तर आलेलं नाही. तेव्हा आधी केबल तपासा.

संध्याकाळी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. म्हटलं, "आयपी आपोआप रिन्यू होतोय."

"मग राहू दे," म्हणाला आणि फोन ठेवला.