गंजलेली एमजीबी: दुरुस्त करून उभी करावी की तयार घ्यावी?

ब्रिटनमध्ये राहून उघड्या छपराची जुनी गाडी घ्यायची म्हटलं की एमजीबी रोडस्टरचं नाव आधी निघतं. 1962 ते 1980 या काळात ती ॲबिंग्डनच्या कारखान्यात मोठ्या संख्येने बनली. त्यामुळे ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं पडून असलेली एखादी आजही सापडते, तीही स्वस्तात. मोह होतो तो इथेच.

या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. वर छप्पर नसल्याने बहुतेक भार दारांखालच्या सिलवर येतो. सिल म्हणजे एकच पत्रा नव्हे. बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि खालची कॅसल रेल नावाची पट्टी हे सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. पुढच्या मडगार्डच्या आत चिखल साचतो, गळक्या हूडचं, म्हणजे कापडी छपराचं, पाणी गालिच्याखाली मुरतं आणि गंज आतून खात बाहेर येतो. रंगावर फोड दिसतो तोवर आतला पडदा बहुधा गेलेला असतो.

म्हणून क्रोम आणि सीट नंतर बघा. आधी दार लावून त्याची फट नीट पाहा. मग गाडी जॅकवर उचला आणि तीच फट पुन्हा पाहा. ती आवळली किंवा दार अडकायला लागलं, तर सांगाड्यात दम उरलेला नाही. सिलवर लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. जुना सिल तसाच ठेवून वरून नवा पत्रा ठोकलेल्या गाड्याही विकायला येतात, त्या मला सर्वांत धोक्याच्या वाटतात.

इंजिनाची धास्ती घेऊ नका. 1798 सीसीचं बी-सिरीज इंजिन साधं आहे, सुटे भाग सहज मिळतात. खर्च पत्र्यात आणि रंगात जातो. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या सळया वेल्ड कराव्या लागतात, नाहीतर बॉडी मधून खचते आणि दारं पुन्हा कधीच नीट बसत नाहीत. वेल्डिंग स्वतःला येत असेल तरच हे परवडतं. मजुरी देऊन केलं, तर बिल बहुतेक वेळा तयार गाडीच्या किमतीपुढे जातं.

दुसरी वाट नव्या बॉडीची. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी 1988 पासून मूळ साच्यांवर एमजीबीच्या बॉडी बनवत आली आहे. सांगाडा कोरा मिळतो, पण रंग, वायरिंग आणि जोडणीचा खर्च सुटत नाही. जुन्या गाडीचं सामान धड असेल तरच याचा विचार करावा.

माझं मत तिसऱ्या वाटेला: दुसऱ्या कुणीतरी मन लावून केलेली गाडी घ्या. सिल उघडे असतानाचे फोटो मागा. फोटो नसतील तर पुढची गाडी बघा. स्वतःच्या हाताने करण्याचीच हौस असेल, तर ट्रायम्फ हेराल्ड कन्व्हर्टिबल बघा. तिची चॅसी वेगळी आहे, बोल्ट काढून बॉडी उचलता येते, शिकायला सोपी.

गाडी वडिलांची असेल तर मात्र हिशेब वेगळा. ती उभी करावी, फक्त पैसे परत येतील ही आशा ठेवू नये.

यातलं काहीही घेतलंत तरी एक करा. चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना 2018 पासून एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही. तरीही विकत घेण्याआधी ती करून घ्याच, आणि गाडी वर उचललेली असताना स्वतः खाली उभं राहून पाहा.