वाळूजमधलं स्पार्किंगचं जॉबवर्क, स्पार्क खरा मोजून देणारे काका

वाळूज एमआयडीसीत एका शेडमध्ये दोन जुन्या झेडएनसी (फक्त खालीवरची चाल आपोआप असलेल्या) स्पार्क मशीन, बाहेर बोर्ड पण नाही, तिथं दीड वर्ष झालं आम्ही मोल्डचे इन्सर्ट (साच्यात बसणारे पोलादी तुकडे) स्पार्कला टाकायलोत, म्हणजे तेलात विजेच्या ठिणग्या पाडून धातू कोरून घ्यायला.

आधी जिथं द्यायचो तिथं दरवेळी सेटिंग तेच, १० अँपिअर, ऑन टाइम (एका झटक्यात वीज चालू ठेवायचा वेळ) १०० मायक्रोसेकंद, तरी एक इन्सर्ट बरा यायचा अन दुसरा खरबरीत, एकदा तर पॉलिशवाल्याचे दोन दिवस गेले आणि खालून पांढऱ्या थरात (स्पार्कनं वितळून परत गोठलेला कडक थर) बारीक तडे निघाले, इन्सर्ट भंगारात. विचारलं तर म्हणे सेटिंग तर तेच हाय की.

या शेडवाल्या काकांनी पहिल्याच दिवशी गॅपवर (इलेक्ट्रोड अन जॉबमधली फट) ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र, लावून दाखवला. व्होल्टेज आधी ८० वर जाऊन थांबतं, तेव्हा स्पार्क नसतोच, मग धपकन २५ वर पडतं आणि तिथून पुढं खरा स्पार्क. म्हणले, "बघ बाळा, मशीन १०० मोजायली ती वर चढल्यापासून, त्यातले ३० पेटायचीच वाट बघण्यात गेले, स्पार्क ७० चाच." मग जॉबकार्डच्या मागं पेन्सिलनं मांडलं, २५ व्होल्ट गुणिले १० अँपिअर गुणिले ७० मायक्रोसेकंद, साडेसतरा मिलिजूल. पूर्ण १०० धरले तर २५ मिलिजूल येतात, एवढ्या फरकानं खड्डा लहानमोठा होणारच ना. आणि ही वाट दर स्पार्कला वेगळी, गॅपमध्ये काजळी साचली की लवकर पेटतं, तेल स्वच्छ असलं की उशिरा, म्हणून ते एका स्पार्कवर विश्वास ठेवत नाहीत, स्क्रीन थांबवून वीस-पंचवीस मोजतात, सरासरी काढतात, मग ऑन टाइम अन फ्लशिंग (गॅपमधून तेल फिरवून काजळी काढणं) जुळवतात. नव्या आयसोपल्सवाल्या मशीन स्पार्क पेटल्यापासूनच मोजतात, पण आपल्याकडच्या छोट्या शेडमध्ये त्या कितीशा असणार.

रेट बाकीच्यांपेक्षा जास्त आहे, अन दोनच मशीन असल्यामुळं तारीख पुढं जाते, अर्जंट असलं तर आधीच विचारा. आणि ड्रॉइंगवर फिनिश किती पाहिजे ते लिहून न्या, नुसतं चांगलं करा म्हणलं तर काम घेतच नाहीत, मला ते पटतं.

मागच्या आठवड्यात आठ कॅव्हिटीचा (आठ पोकळ्यांचा) मोल्ड आणला, घरी येऊन आठही कॅव्हिटीत नख फिरवून बघितलं, एकसारखं लागलं.