हायड्रॉलिक सिलिंडर रिसीलिंग (सील बदलणं), अंबड एमआयडीसी, नाशिक: काम चोख, तारखेचं मात्र बघा

आमचा बुश बसवायचा प्रेस. तेलाच्या दाबावर चालणारा सिलिंडर, उभा बसवलेला, 100 एमएम बोअर (आतला व्यास). फास्ट खाली येताना काही त्रास नाही. शेवटच्या इंचात स्लो केला की अडकतो, सुटतो, परत अडकतो. बुश तिरका जाऊन जॉब स्क्रॅप. आधी एका ठिकाणी दाखवला तर होतं तसंच सीलचं रबरी किट नवं घालून दिलं. झटके वाढलेच. नवीन रबर आणखी घट्ट बसणार, दुसरं काय!

मग गरवारे पॉइंटकडून आत असलेल्या या शॉपमध्ये टाकला. इथल्या काकांनी खोलायच्या आधी सिलिंडर आडवा ठेवला, बिनलोड, आणि हळूहळू प्रेशर वाढवत गेज बघत बसले. हलायलाच 4 बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 4 किलो. "पिस्टनचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर धरा शेठ, तीनशे किलोच्या वर जोर नुसता घर्षणात चाललाय." एकदा सुटला की मात्र त्याहून बऱ्याच कमी प्रेशरवर चालत होता. झटक्याचं मूळ तेच: थांबलेला असताना सीलखालचं तेल पिळून निघतं, म्हणून सुटायला जोर जास्त; सुटल्यावर घर्षण एकदम उतरतं आणि रॉड पुढे उडी मारतो. वेग असला की तेलाचा थर धरून राहतो, म्हणून फास्टमध्ये कळत नाही.

पिस्टनला ब्राँझ मिसळलेल्या टेफ्लॉनचं सील घातलं, आत त्याला दाबून धरणारी रबरी ओ-रिंग. टेफ्लॉनला सुटायला आणि चालायला जवळपास सारखाच जोर लागतो. बोअर होन करून (आतून दगडाने घासून) दिला, फिनिश 0.2 ते 0.4 मायक्रॉनमध्ये. मी म्हटलं आणखी चकाचक करा. नाही म्हणाले, अगदी आरसा केला तर तेल धरायला जागाच उरत नाही. रॉडच्या एकाच बाजूला घासल्याची चमक दाखवून "गाईड सरळ करून घ्या, नाहीतर हेही सील एका अंगाने खाईल" असंही बजावलं. त्याचं बिल लावलं नाही. प्रेसचे गाईड आम्ही आमच्याकडेच शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) टाकून सरळ केले.

आता शेवटचा इंच एकसारखा उतरतो. डिसेंबरातल्या पहाटे 68 नंबरचं हायड्रॉलिक तेल थंडीने जड असताना पहिले दोन-तीन स्ट्रोक जरा रेंगाळतात, पण झटका नाही.

तोटेही आहेत. टेफ्लॉन रबराइतकं घट्ट अडवत नाही. रात्री पॉवर पॅक (तेलाचा पंप-मोटर) बंद केला की प्रेसचं हेड सकाळपर्यंत थोडं खाली आलेलं असतं. आम्ही खाली ठोकळा लावतो, टूल बदलताना तर लावायचाच. तेलात बुरादा असेल तर हे सील चिरतं, म्हणून फिल्टर आधी बदला. रबरी किटपेक्षा महाग पडतं. ज्यांचा सिलिंडर फक्त गाडीचं टेलगेट (मागची फळी) उचलतो त्यांनी या खर्चात पडू नये.

आणि तारीख. "परवा नक्की" म्हणजे पुढचा आठवडा. फोन उचलत नाहीत, सकाळी स्वतः जाऊन उभं राहावं लागतं. जीएसटी बिल मागितल्यावर मिळतं.