‘जॉनी गद्दार’ की ‘अंधाधुन’: आधी कुठला बघावा?

दिग्दर्शक श्रीराम राघवनचं नाव कानावर आहे, सिनेमा एकही बघितलेला नाही आणि शनिवारची एक रात्र मोकळी आहे. अशा वेळी कुणालाही विचारा, बहुतेक जण ‘अंधाधुन’ सांगतील. ‘जॉनी गद्दार’ सांगणारे कमी भेटतात, पण जे भेटतात ते हटून बसतात. दोन्ही निओ-न्वार जातीचे. म्हणजे खून होतात, पोलीस येतात, पण खरा रस असतो तो हाव माणसाला पायरीपायरीने किती खाली नेते यात. आणि संपेपर्यंत निखळ सज्जन असा कुणी शिल्लक राहत नाही. दिग्दर्शक एक, संकलक पूजा लढा सुरती याही दोन्हींकडे त्याच, लांबीही दोन्हींची सव्वादोन तासांच्या आसपास. तरीही बघण्याचा अनुभव इतका वेगळा आहे की चुकीच्या रात्री चुकीचा लावलात तर चांगला सिनेमा वाया जाईल.

दोन्हींच्या पहिल्या तासात जे उघड होतं तेवढंच इथे लिहिते. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

‘जॉनी गद्दार’ सप्टेंबर २००७चा. पाच भागीदार, सगळेच दोन नंबरच्या धंद्यातले. एक सौदा चालून येतो. प्रत्येकाने ५० लाख काढायचे आणि अडीच कोटींची रोकड घेऊन त्यांच्यातल्या शिवाने रेल्वेने निघायचं. पाचांतला सगळ्यात लहान विक्रम. त्याचं पाचांतल्याच शार्दुलच्या बायकोशी, मिनीशी, लपूनछपून चाललंय. तिला घेऊन कायमचं निघून जायचं तर पैसे हवेत, आणि पैसे तर समोरच बॅगेत भरले जातायत. गद्दार कोण हे आपल्याला अगदी लवकर कळतं. सिनेमा ते लपवतच नाही. बाकीच्यांना तेवढं माहीत नाही, आणि तो मात्र त्यांच्याच टेबलावर बसून, त्यांच्याच काळजीत सहभागी झाल्यासारखा चेहरा करून ‘कुणी केलं असेल’ या चर्चेत भाग घेतोय.

इथेच या सिनेमाची सगळी ताकद आहे. आपण प्रेक्षक म्हणून त्याच्या गुन्ह्यात वाटेकरी होतो. कुणी एखादा साधा प्रश्न विचारला, ‘त्या दिवशी तू कुठे होतास रे?’ एवढाच, तरी पोटात गोळा येतो. तो सापडावा असंही वाटतं आणि आत्ता नको, एवढ्यात नको, असंही वाटतं. रहस्य राखून धरणारे सिनेमे पुष्कळ आहेत. रहस्य पहिल्या अर्ध्या तासात हातात देऊन पुढे शेवटपर्यंत ताण टिकवणारे फार थोडे, आणि हिंदीत तर मला याच्याइतका नेटका दुसरा आठवत नाही.

‘अंधाधुन’ ऑक्टोबर २०१८चा, आणि तो बरोबर उलट्या दिशेने चालतो. पुण्यात आकाश नावाचा पियानोवादक आहे. लोकांना वाटतं तो आंधळा आहे, आणि तो तसं वाटू देतो. जुन्या जमान्यातला नट प्रमोद सिन्हा त्याला लग्नाच्या वाढदिवशी घरी वाजवायला बोलावतो, बायकोला अचानक खूश करायला. आकाश दारात पोचतो. दार बायको, सिमी, उघडते. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई बघतायत म्हणून तिला त्याला आत घ्यावं लागतं. आत जमिनीवर प्रमोदचं प्रेत पडलेलं आहे.

या दृश्याबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण या सिनेमाबद्दल बोलणारा प्रत्येक जण शेवटी इथे येतो. आकाश पियानोवर बसलेला, बोटं चाललेली. त्याच्या पाठीमागे सिमी आणि तिचा साथीदार तोंडातून अवाक्षर न काढता, नुसत्या हातवाऱ्यांवर, घर आवरतायत. त्यांच्या मते त्याला दिसत नाही, त्यामुळे आवाज तेवढा होऊ द्यायचा नाही. त्याला सगळं दिसतंय, त्यामुळे चेहरा तेवढा हलू द्यायचा नाही. सगळा संवाद त्या पियानोच्या सुरांवर सोपवलेला. वाजवणं थांबलं तर काय होईल हा विचार डोक्यात आला की श्वास रोखला जातो. भीती आणि हसू दोन्ही एकाच वेळी येतं, आणि हे रसायन जमवणं महाकठीण.

मूळ कल्पना ‘लाकोर्दर’ या २०१०च्या फ्रेंच लघुपटाची. कन्नड दिग्दर्शक हेमंत राव यांनी तो राघवनला दाखवला होता. लघुपट जेमतेम पाव तासाचा, आणि तो साधारण याच प्रसंगापाशी संपतो. हे माहीत असलं की ‘अंधाधुन’वरच्या सगळ्यात मोठ्या तक्रारीचा उलगडा होतो. मध्यंतरानंतर सिनेमा भरकटतो, असं अनेक प्रेक्षक म्हणतात. डॉक्टर येतो, रिक्षावाला येतो, लॉटरीवाली येते, अपहरण होतं, गोष्ट दर दहा मिनिटांनी कूस बदलते. माझ्या मते तक्रार निम्मी खरी आहे. पहिला तास घट्ट विणलेला आहे, कारण त्याच्या मुळाशी एक पूर्ण, पारखून घेतलेली कल्पना आहे. त्यानंतरची वाट राघवन आणि त्यांच्या सहलेखकांनी स्वतः पाडली आणि तिथे वीण सैल झाली. पण ती सैल वीणच हसवते, दचकवते, ‘आता काय’ म्हणून पुढे सरकून बसायला लावते. काटेकोर पटकथा आवडणाऱ्यांना ते खटकेल. बाकीच्यांना तोच भाग जास्त आवडतो.

थोडक्यात सांगायचं तर ‘जॉनी गद्दार’मध्ये तुम्हाला सगळ्या पात्रांपेक्षा जास्त माहीत असतं आणि त्या माहितीचं ओझं होतं. ‘अंधाधुन’मध्ये आपल्याला सगळं कळलंय अशा समजुतीत तुम्ही असता आणि ती समजूत एकेक करून काढून घेतली जाते. निवड करायची ती यावरून करा.

प्रेक्षकांत आणखी एक वाद हमखास होतो तो नायकांवरून. नील नितीन मुकेशचा ‘जॉनी गद्दार’ हा नायक म्हणून पहिलाच सिनेमा, आणि त्याचा चेहरा कोरा आहे, भाव उमटत नाहीत, असं पुष्कळांचं म्हणणं. मला तो कोरेपणा या भूमिकेला चपखल वाटतो. विक्रमवर चार मुरलेले लोक विश्वास ठेवतात, ते त्याच्या चेहऱ्यावर काही वाचता येत नाही म्हणूनच. चेहऱ्यावर दर मिनिटाला अपराधी भाव आणणारा नट तिथे असता तर दुसऱ्या रिळातच पकडला गेला असता. आयुष्मान खुरानाबद्दल असा वाद नाही. त्याला या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला (विकी कौशलबरोबर विभागून) आणि सिनेमाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा.

पण ‘अंधाधुन’ खऱ्या अर्थाने तब्बूचा आहे. सिमी वाईट आहे, पण रागाने पेटलेली वगैरे नाही. अडचण आली की ती सोडवायची, एवढंच तिला कळतं. मग ती अडचण म्हणजे माणूस का असेना. ती नवऱ्यासाठी रडते तेव्हा ते रडणं तुम्हालाही क्षणभर खरं वाटून जातं. या बाबतीत ‘जॉनी गद्दार’ सरळ सरळ मागे पडतो. रिमी सेनच्या मिनीला लेखकांनी फारसं काही करायला दिलेलंच नाही. सगळा कट जिच्यासाठी शिजतो ती बाईच धूसर राहते, ही त्या सिनेमातली खरी त्रुटी. तिथल्या बायकांपैकी लक्षात राहतात त्या अश्विनी काळसेकर. जुगारी नवऱ्याला, म्हणजे विनय पाठकच्या प्रकाशला, पुरतं ओळखून असणारी आणि तरी त्याच्यावर जीव असणारी बायको त्यांनी चार-दोन प्रसंगांत उभी केली आहे. ‘अंधाधुन’मध्येही त्या आहेत, पोलीस इन्स्पेक्टरच्या बायकोच्या भूमिकेत, आणि तिथे नवऱ्याला फैलावर घेण्याचा त्यांचा सूर वेगळाच आहे. झाकीर हुसेनही दोन्हींत आहेत. दोन्ही सिनेमे पाठोपाठ बघितलेत तर ही गंमत जास्त कळेल.

म्हाताऱ्या नटांकडून राघवन जे काम करून घेतात, ते मला दोन्हींत सगळ्यात जास्त भिडलं. ‘जॉनी गद्दार’मध्ये धर्मेंद्र टोळीचा म्होरक्या शेषाद्री आहेत. गेलेल्या बायकोच्या आवाजातलं गाणं हा माणूस टेपवर ऐकत बसतो. गाणं कुठलं, तर ‘मोरा गोरा अंग लई ले’, ‘बंदिनी’तलं. १९६३च्या त्या ‘बंदिनी’त तरुण धर्मेंद्र स्वतः होते. पडद्यावर गुन्हेगार आहे, पण त्या दोन मिनिटांत चाळीसेक वर्षांचा हिंदी सिनेमा त्याच्या चेहऱ्यावरून सरकून जातो. ‘अंधाधुन’मध्ये हेच अनिल धवन यांच्या बाबतीत घडतं. सत्तरच्या दशकातले ते नायक, आणि इथे सत्तरच्या दशकातल्या नायकाचीच भूमिका करतात. स्वतःच्या जुन्या गाण्यांत रमलेला, अजून कुणीतरी आपल्याला ओळखतं याचा आनंद लपवता न येणारा माणूस. आपल्याकडच्या वाचकांना त्यांची ओळख ‘पिया का घर’मुळे जास्त पटकन पटेल. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’वरून झालेला तो सिनेमा. प्रमोद सिन्हा फार थोडा वेळ दिसतो, पण त्या थोड्या वेळात त्याच्याबद्दल माया वाटू लागते, म्हणूनच पुढचं सगळं बोचतं.

राघवन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. जुन्या सिनेमावरचं त्यांचं प्रेम ‘जॉनी गद्दार’च्या तर रोमारोमांत आहे. तो ‘जॉनी मेरा नाम’चे दिग्दर्शक विजय आनंद आणि इंग्रजी थरारकथांचे लेखक जेम्स हॅडली चेस या दोघांना अर्पण केलेला आहे. विक्रमला युक्ती सुचते ती टीव्हीवर ‘परवाना’ बघून, आणि लॉजमध्ये खोटं नाव सांगायची वेळ येते तेव्हा तिथे ‘जॉनी मेरा नाम’ लागलेला असतो. सत्तरच्या दशकातल्या थरारपटांवर वाढलेल्या प्रेक्षकाला इथे मेजवानी आहे. ज्यांना ते सिनेमे माहीत नाहीत त्यांचं गोष्टीत काही अडत नाही, पण रंगत थोडी कमी होते, हे मान्य करायला हवं. ‘अंधाधुन’ला अशी काही पूर्वतयारी लागत नाही. चीनमध्येही तो प्रचंड चालला आणि तेलुगू, मल्याळम, तमिळमध्ये पुन्हा केला गेला, यातच ते आलं. ‘जॉनी गद्दार’ थिएटरात फारसा चाललाच नाही. त्याचा चाहतावर्ग नंतर, एकाने दुसऱ्याला सांगत, तयार झाला.

दिसण्याचंही सांगते, कारण दोन्ही सिनेमे ‘स्टायलिश’ म्हणून नावाजले जातात आणि दोघांची स्टाइल एकमेकांशी अजिबात जुळत नाही. सी. के. मुरलीधरन यांनी टिपलेली ‘जॉनी गद्दार’ची मुंबई अड्ड्यांची, रात्रीची, लालभडक. शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत त्याला जुन्या सिनेमांचा ठसका देतं. के. यू. मोहनन यांनी टिपलेलं ‘अंधाधुन’चं पुणं स्वच्छ उजेडातलं आहे. नीटनेटके फ्लॅट, शांत जिने, चौकस शेजारी, आणि आकाशच्या शेजारचा बंडू. हा पोरगा ‘काकाला खरंच दिसत नाही का’ याचा छडा लावायला टपलेला असतो, आणि असला बंडू प्रत्येक सोसायटीत असतोच. मला हे पुणं जास्त भीतीदायक वाटतं. अंधाऱ्या बोळात खून होणारच, अशी मनाची तयारी असते. भरदुपारी, सोफ्याच्या शेजारी, शेजारीण दारात उभी असताना होईल अशी नसते. छाया कदम यांची लॉटरीवाली तर इतकी ओळखीची वाटते की ती कुठल्या थराला जाऊ शकते हे आधी लक्षातच येत नाही.

आता निवड. घरात चार जण जमणार असाल, त्यातल्या एकदोघांना मध्येच मोबाइल बघायची सवय असेल आणि संपल्यावर तासभर वाद घालायची हौस असेल, तर ‘अंधाधुन’. त्याच्या शेवटावरून आजही लोक भांडतात. एक तट म्हणतो दिसलं ते सरळ आहे, दुसरा म्हणतो डोळे उघडून बघा. त्यांचे मुद्दे इथे मांडले तर तुमची मजा जाईल. माझं मत एवढंच की तो शेवट फसवा नाही. त्याची तयारी सिनेमाने आधीपासून केलेली आहे. ज्यांना गोष्टीच्या शेवटी पक्की गाठ मारलेली हवी असते त्यांची मात्र चिडचिड होईल, त्यांनी तो आधी बघू नये. लहान मुलांसोबत दोन्ही नकोत.

एकट्याने किंवा दोघांनी, दिवे मालवून, सलग बघणार असाल तर ‘जॉनी गद्दार’. त्यातला एक फोन, एक प्रश्न, एक नजर हुकली तरी पुढचा ताण पातळ होतो. आई-वडील सोबत असतील आणि त्यांना खूनखराबा चालत असेल तर हाच; धर्मेंद्रसाठी ते बसतील आणि विजय आनंदसाठी थांबतील. मला स्वतःला एकच ठेवायचा म्हटलं तर मी हाच ठेवीन. ‘अंधाधुन’मधला पियानोचा प्रसंग याच्यातल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा सरस आहे हे मान्य करूनही.

राघवनचे बाकीचे सिनेमे यानंतरच घ्या. ‘बदलापूर’ (२०१५) फार जड आहे, त्यातली हिंसा अंगावर येते. पहिल्या भेटीसाठी तो नको. ‘मेरी ख्रिसमस’ (२०२४) संथ आहे, जुन्या मुंबईतल्या एका रात्रीचा, धीर असेल त्याला फार सुंदर वाटेल. ‘एक हसीना थी’ (२००४) उर्मिला मातोंडकरसाठी जरूर बघा.

आणि दोन्हींपैकी कुठलाही लावा, पण पॉपकॉर्न आधी करून घ्या. ‘जॉनी गद्दार’ कृष्णधवल चित्रातल्या पावसाळी रात्रीने आणि पोलिसांच्या जीपने सुरू होतो, ‘अंधाधुन’ कोबीच्या शेतातल्या एका सशाने. दोन्ही प्रसंग सुरुवातीला काहीच संबंध नसल्यासारखे वाटतात, म्हणून लोक तेवढ्यात उठून स्वयंपाकघरात जातात, आणि मग शेवटी शेजारच्याला विचारत बसतात.