999 रुपयांची ‘कोर्टाची नोटीस’: भाडेकरूंनो, आधी हे वाचा

शेजाऱ्याच्या आवाजाला वैतागलेला भाडेकरू म्हणजे फोनवरून खोट्या नोटिसा विकणाऱ्या तोतया वकिलांचं हक्काचं गिऱ्हाईक. सोसायटीवाले म्हणतात, “तुम्ही सभासद नाही, मालकांना पाठवा.” मालक म्हणतात, “थोडं अॅडजस्ट करा हो.” पोलीस येतात तेव्हा नेमका आवाज बंद असतो. मग रात्री झोप नाही म्हणून फोन चाळताना ‘शेजाऱ्यांचा त्रास? घरबसल्या वकील, फक्त 999’ अशी जाहिरात समोर आली की माणूस फोन लावणारच.

आम्ही पुण्यात धायरीत भाड्याने राहतो. वरच्या फ्लॅटमध्ये एम्ब्रॉयडरीचं मशीन आहे, थेट घरातच. ते सुरू झालं की आवाज कानापेक्षा पलंगात जास्त जाणवतो आणि मांडणीवरच्या वाट्या किणकिणत राहतात. लग्नसराईत तर रात्री एकपर्यंत.

फोनवरचा माणूस स्वतःला वकील म्हणवत होता. बोलणं अदबीचं, प्रत्येक वाक्याला “मॅडम”. 999 भरले आणि दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली. वर अशोकस्तंभ, खाली ‘जिल्हा न्यायालय’ असा गोल निळा शिक्का, मजकुरात भारतीय दंड संहितेचं कलम 268. दंड संहिता जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे, हे वकिलाला ठाऊक नसावं? विचारलं तर म्हणे, “मॅडम, कोर्टात जुनंच चालतं.” पुढचा परिच्छेद तर कहरच होता: ‘आपल्या कुत्र्याच्या सततच्या भुंकण्यामुळे माझ्या अशिलास मनस्ताप होत आहे.’ वरच्यांकडे कुत्रा नाही. कुणाची तरी जुनी नोटीस, फक्त नाव-पत्ता बदललेला.

तोवर ‘कोर्ट फी’ म्हणून 2,400 आणि ‘डेसिबल सर्टिफिकेट’ म्हणून 1,500 गेले होते. सर्टिफिकेट म्हणजे मोबाइल अॅपचा स्क्रीनशॉट. नोटीस स्पीड पोस्टाने गेल्याची पावती त्याने पाठवली, ती पोस्टाच्या साइटवर टाकून पाहिली. पार्सल साताऱ्यात पोहोचलेलं! नंतर ‘स्टे ऑर्डर’साठी 6,500 मागितले. नाही म्हटल्यावर अदब संपली. “केस तुमच्या नावाने दाखल झालीय, आता मागे घेतली तर तुम्हालाच दंड.” हा शुद्ध दम होता. दाखल काहीच झालेलं नव्हतं.

साधी गोष्ट आहे. नोटीस वकील पाठवतो, स्वतःच्या लेटरहेडवर, स्वतःच्या सहीने. त्यावर कोर्टाचा शिक्का नसतो आणि तिला कोर्ट फीही लागत नाही. कोर्टाकडून येतं ते समन्स. महाराष्ट्र-गोव्याच्या वकिलाचा सनद क्रमांक, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर, ‘एमएएच’, मग आकडा, मग वर्ष असा असतो. या महाशयांनी नुसता आकडा टाकला होता. शिवाय बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करून अशिलं गोळा करता येत नाहीत. म्हणजे 999 चं पोस्टर दिसलं, तिथेच शंका घ्यायला हवी.

खरी मदत स्वस्तच काय, फुकट मिळते. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आणि असं प्राधिकरण प्रत्येक जिल्ह्यात असतं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगारांनाही मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक 3 लाखांची मर्यादा आहे. नुसतं विचारायचं असेल तर कायदेशीर मदतीच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करा. शिवाजीनगरच्या कार्यालयातल्या बाईंनी माझी कुत्र्याची नोटीस वाचली, हसल्या आणि म्हणाल्या, “दाखलपूर्व अर्ज द्या, म्हणजे केस करण्याआधीच समोरच्यांना बोलावून घेऊ.” एक पैसा मागितला नाही.

त्यांच्याकडूनच कळलं की ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत तक्रार ‘कोणतीही व्यक्ती’ करू शकते. घर तुमच्या नावावर असायची गरज नाही. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 मध्ये 45 डेसिबल ही मर्यादा आहे. पण आमच्या बाबतीत डेसिबलपेक्षा दुसराच मुद्दा भारी ठरला. राहत्या फ्लॅटमध्ये धंदा चालतो, ही तक्रार आमच्या घरमालकांनी सोसायटीचे सभासद म्हणून लेखी दिली आणि पोचपावतीवर सही घेतली. मग “मालकांना पाठवा” म्हणायची कमिटीची सोयच उरली नाही. मालकांना तयार करणं हेच खरं काम होतं. त्यांना सांगितलं, आम्ही सोडलं तरी पुढचा भाडेकरू याच आवाजाने पळेल. तेव्हा कुठे पेन उचललं. मशीन अजून आहे, पण आता नऊला बंद होतं, आणि खाली जाड रबर बसवलंय.

पैसे मात्र अजून मिळालेले नाहीत. तुमचेही गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. चॅटचे स्क्रीनशॉट भांडण सुरू व्हायच्या आधीच काढा, कारण माझ्या चॅटमधले निम्मे मेसेज, ‘कोर्ट फी’वाला धरून, त्याने त्याच रात्री सगळ्यांसाठी डिलीट केले.